टेम्पो विकायचा नाही, आणि दिरांच्या नावावरही करायचा नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

ताई, नमस्कार. मी सोलापुरात राहते. घरी विड्या वळते, महिन्याला साडेचार हजार हाती येतात. मालकांनी २०२५ च्या पाडव्याला बँकेतून मुद्रा लोन काढून छोटा हत्ती टेम्पो घेतला. एमआयडीसीतून टॉवेल-चादरीचे गठ्ठे पोचवतात. डिझेल-दुरुस्ती जाऊन बऱ्या महिन्यात सतरा हजार उरतात, पावसाळ्यात दहाच्या आसपास. टेम्पोचा हप्ता ९,८००. लाडक्या बहिणीचे दीड हजार मला २०२४ पासून मिळत होते, ते आता बंद झाले. अंगणवाडीच्या मॅडम म्हणाल्या, तुमच्याकडे चारचाकी दाखवतंय. त्या पैशांच्या भरवशावर मी घराचे पत्रे बदलायला फायनान्स कंपनीकडून तीस हजार उचलले होते, महिना १,५९० हप्ता, अजून चौदा बाकी आहेत. मालक म्हणतात टेम्पो धाकट्या भावाच्या नावावर करतो. सासूबाई म्हणतात विकून टाका, हमाली करा पण डोक्यावर कर्ज नको. शेजारणीच्या दारात सासऱ्यांची कार उभी असते, तिला मात्र पैसे येतात. मुलगी बारावीला आहे, फार्मसी करायचं म्हणते. मी तिला म्हटलं, एक वर्ष थांब, माझ्याबरोबर विड्या वळ. माझी बीपीची गोळी सध्या एक दिवसाआड घेते. मी सरकारला फसवलं असं गल्लीत बोलतात. दिलेले पैसे परत मागतील का?

ताई,

तुम्ही कुणाला फसवलेलं नाही. अर्ज केला तेव्हा घरात टेम्पो नव्हता, नंतर आला. २०२५ च्या ई-केवायसीत जे दोन प्रश्न होते, ते घरात कुणी सरकारी नोकर किंवा निवृत्तिवेतनधारक आहे का आणि एका घरातून किती बायका लाभ घेतात, याबद्दलचे होते. गाडीबद्दल तिथे कुणी विचारलंच नाही. गल्लीतल्यांना एवढं सांगा आणि विषय संपवा.

पैसे परत मागण्याचं म्हणाल, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने ५ लाख महिला अपात्र ठरवल्या. त्यांत घरी चारचाकी असलेल्याही होत्या. त्यांच्या खात्यात आधी गेलेली रक्कम परत घेणार नाही, असं तेव्हा महिला व बालविकास खात्याने जाहीर केलं होतं. वसुलीची भाषा झाली ती सरकारी नोकरीत असून लाभ घेणाऱ्यांबाबत आणि लाभ घेतलेल्या पुरुषांबाबत. तुम्ही त्यांतल्या नाही. उद्या लेखी नोटीस आलीच तर टेम्पो कधी घेतला त्याच्या कागदासह लेखी उत्तर द्या. आणि फोनवरून कुणी ‘पैसे भरा, नाहीतर केस होईल’ म्हणालं तर तो भामटा आहे. फोन ठेवून द्यायचा, ओटीपी सांगायचा नाही.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. योजनेच्या शासन निर्णयात अपात्रतेचं एक कलम आहे: अर्जदार किंवा तिच्या कुटुंबातल्या कुणाच्या नावावर चारचाकी नोंदवलेली असेल तर लाभ नाही, अपवाद फक्त ट्रॅक्टरचा. ‘चारचाकी’ म्हणजे हौसेची मोटार की पोटापाण्याचा टेम्पो, हा फरक त्यात केलेला नाही. आरटीओच्या नोंदीत चार चाकं दिसली की नाव बाजूला. तेव्हा नियम जसा लिहिलाय तसा पाहिला, तर तुमचं नाव निघणं हा कारकुनाचा घोळ नाही.

नियम मात्र मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते, कारण हेच मुद्दे तुम्हाला अर्जात लिहायचे आहेत. टेम्पो घ्यायला कर्ज कुणी दिलं? मुद्रा योजनेतून, म्हणजे सरकारनेच ‘स्वतःचा धंदा करा’ म्हणून. आयकर खातं छोट्या मालवाहू गाडीकडे कसं बघतं? हिशेबवह्या न ठेवणाऱ्या छोट्या गाडीमालकाचं उत्पन्न आयकर कायदा अंदाजाने धरतो: हलक्या मालवाहू गाडीमागे महिना ७,५००, वर्षाला ९० हजार. लाडकी बहीणची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. म्हणजे एक खातं म्हणतं या टेम्पोवर माणूस साडेसात हजार कमावत असेल, आणि दुसरं त्याच टेम्पोकडे बघून हे घर आता गरीब नाही असं ठरवतं. शिधापत्रिकेचे जुने निकष तरी थोडे शहाणे होते. १९९९ पासून केशरी कार्डाला चारचाकी चालत नाही, पण टॅक्सीचालक त्यातून वगळलेले आहेत. गाडी पोटासाठी असू शकते हे पंचवीस वर्षांपूर्वी मंत्रालयात कुणाला तरी सुचलं होतं.

हे सगळं आत्ताच का निघालं, असंही तुम्हाला वाटत असेल. २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गल्लोगल्ली टेबलं मांडून फॉर्म भरून घेतले, तेव्हा कागद बघायला कुणाला वेळ नव्हता, कारण नोव्हेंबरात निवडणूक होती. निवडणुकीत १,५०० चे २,१०० करण्याचा शब्द दिला गेला. त्यानंतर २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेला ठेवले ३६ हजार कोटी, आदल्या वर्षी ४६ हजार कोटी होते. एका बाईला वर्षाचे १८ हजार. ३६ हजार कोटींना १८ हजारांनी भागा: बरोब्बर २ कोटी बायका. लाभार्थी त्याहून कितीतरी लाखांनी जास्त होत्या. म्हणजे छाननी सुरू व्हायच्या आधीच, काही लाख नावं गळणार हे आकड्यातच लिहिलेलं होतं. मग नमो शेतकरी योजनेचे पैसे घेणाऱ्या ७ लाख ७४ हजार बायकांना दीड हजाराऐवजी ५०० मिळू लागले. मग जुलै २०२५ मध्ये २६ लाख ३४ हजारांचा लाभ स्थगित केला. त्या छाननीत १४ हजारांवर पुरुष सापडले, हेही खरं. त्यांना काढलं ते बरंच झालं. पण पैसे कमी ठेवायचे आणि मग ‘अपात्र’ शोधायला निघायचं, यात अपात्र ठरायला सगळ्यांत सोपं घर कोणतं, तर ज्याची कुठेतरी नोंद आहे ते. टेम्पोची नोंद असते. सावकारीची नसते.

असो. आता तुमच्या घरातल्या दोन सल्ल्यांकडे येते.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की टेम्पो विकायचा नाही. विकलात तरी दीड हजार लगेच सुरू होणार नाहीत. नोंद बदलेल, पुन्हा पडताळणी होईल, नाव परत आलं तर आलं. त्या दीड हजारांसाठी महिन्याला सरासरी चौदा हजार आणणारी गाडी घालवायची, वर बँकेचं उरलेलं कर्ज अंगावर ठेवायचं, हा व्यवहार कुठल्याच बाजूने जमत नाही. सासूबाईंची कर्जाची भीती खोटी नाही. तिच्याकडे पुढे येते.

मालकांचा सल्ला त्याहून घातक आहे. गाडीच्या आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे. बँकेच्या ना-हरकतीशिवाय ती भावाच्या नावावर होत नाही. नुसतं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तर आरटीओत गाडी तुमचीच राहते आणि लाभ बंदच राहतो. समजा बँकेनेही मान्य केलं. मग विमा, फिटनेस सगळं दिरांच्या नावे. उद्या अपघात झाला तर दावा कुणाचा, आणि भाऊ-भाऊ बोलेनासे झाले तर चावी कुणाची? शिवाय मालकांच्या एक गोष्ट लक्षात आलेली दिसत नाही. दिरांचं लग्न झालं असेल तर त्या दिवसापासून चारचाकी जाऊबाईंच्या घरात. त्यांचे पंधराशे जातील. हे त्यांना विचारून ठरलंय का?

शेजारणीचं कोडं सोपं आहे. या योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. सासरे त्यात येत नाहीत. तेव्हा सासऱ्यांच्या कारमुळे तिचं नाव जाऊ नये, आणि तिला मिळतात ते योग्यच आहे. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण उलट्या तक्रारीची पत्रं माझ्याकडे जास्त येतात: सासऱ्यांची किंवा दिरांची गाडी, एकच रेशनकार्ड, आणि सुनेचं नाव उडालं. अशा बायकांनी शासन निर्णयातली कुटुंबाची व्याख्या जोडून जरूर दाद मागावी. तुम्ही मात्र शेजारणीविरुद्ध तक्रारीचा अर्ज वगैरे करू नका. तिचे बंद झाले म्हणून तुमचे चालू होत नाहीत, आणि अडीअडचणीला हाक मारायला भिंतीपलीकडे तीच आहे.

दाद तुम्हीही मागायची आहे, फक्त आधी कारण कागदावर आणा. ‘मॅडम म्हणाल्या’ हे कारण नव्हे. चारचाकीशिवाय आणखीही काही असू शकतं. ई-केवायसीतलं पहिलंच वाक्य नकारार्थी होतं: माझ्या कुटुंबातले सदस्य सरकारी नोकरीत नाहीत, आणि खाली होय की नाही. ‘नोकरीत नाहीत ना? मग नाही’ असं म्हणून सायबर कॅफेतल्या पोराने ‘नाही’ दाबलं की बाई सरकारी नोकराच्या घरातली ठरली. असे घोळ ढिगाने झाले. तुमची ई-केवायसी कुणी भरली, काय दाबलं, पावती आहे का, आधी ते बघा. मुदत तेव्हा नोव्हेंबर, मग ३१ डिसेंबर २०२५ अशी सरकत गेली होती. दुरुस्तीसाठी आज काय चालू आहे ते सेविकेकडून किंवा १८१ या महिला हेल्पलाइनवरून विचारून घ्या.

मग एक अर्ज नागरी बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे आणि त्याची प्रत जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. अर्जात रडगाणं नको. टेम्पो मालवाहू आहे, नोंदणी व्यावसायिक आहे, मुद्रा कर्जातून घेतला आहे, त्यावरचं आणि विड्यांचं मिळून वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, एवढंच, आणि सोबत आरसी, कर्जाचा मंजुरी कागद. एक गोष्ट तपासून घ्या. गाडीचं कर्ज काढताना एजंट आयकर रिटर्न भरून घेतात. मालकांचंही भरलं असेल. रिटर्न भरलं म्हणजे माणूस आयकरदाता होत नाही. कर शून्य असेल तर तसं अर्जात लिहा आणि रिटर्नची प्रत जोडा, म्हणजे ‘घरात आयकरदाता आहे’ असं दुसरं कारण काढायला जागा राहणार नाही.

महिनाभरात उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम. विचारायचं इतकंच: माझा लाभ कोणत्या तारखेपासून, कोणत्या निकषाखाली, कोणत्या नोंदीच्या आधारे बंद केला, आणि बंद करण्यापूर्वी मला कळवल्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यातून तुमचे दीड हजार परत येतील असं मी म्हणणार नाही. नियमात मालवाहू गाडीचा अपवाद घालणं हे प्रकल्प अधिकाऱ्याच्या हातात नाही. पण असे अर्ज एका वॉर्डातून वीस-तीस गेले की नगरसेवकाला, आमदाराला दाखवायला काहीतरी हातात येतं. तुमच्या विडी कामगार युनियनमध्ये अशी किती घरं आहेत, विचारा. पाच एकर जमिनीची अट होती, ती बोंब झाल्यावर आठवड्याभरात काढली होती ना, मग टेम्पोवाल्यांनी गप्प का बसायचं?

आता तुमचं खरं दुखणं, ज्याच्याबद्दल पत्रात तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय. ते म्हणजे कर्ज.

बाहेरून बघणारा म्हणतो, वीस हजार कमावणाऱ्या घरात दीड हजार गेले तर काय बिघडलं? मी तुमचे आकडे कागदावर मांडले. टेम्पोचे सरासरी चौदा हजार, विड्यांचे साडेचार, एकूण १८,५००. त्यातून टेम्पोचा हप्ता ९,८०० आणि पत्र्यांचा १,५९० वजा. उरले ७,११०. चार माणसं, त्यात एक म्हातारं आणि एक कॉलेजात जाणारं. लाडक्या बहिणीचे धरून हेच ८,६१० होते. म्हणजे हातात खर्चाला उरणाऱ्या पैशातला सहाव्या हिश्शाहून जास्त गेला. आणि जुलै-ऑगस्टचा हिशेब मांडला तर टेम्पोचे दहा हजार धरून उरतात ३,११०. तिथे गेलेले दीड हजार म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. हप्ते पावसाळा बघत नाहीत, त्यामुळे कपात सगळी पातेल्यावर येते. त्यात भर म्हणजे या पैशाला तारीख होती. ती मागे-पुढे व्हायची, पण भाडं मिळो न मिळो, कारखान्याने विड्या खराब म्हणून बाजूला काढोत, हे खात्यात यायचेच. म्हणूनच तुम्ही त्यावर कर्ज काढलंत. यात मूर्खपणा नाही, पगारदार माणूसही पगारावरच कर्ज काढतो.

मूर्खपणा, किंवा त्याहून वाईट काही, कर्ज देणाऱ्याचा आहे. रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे: अशा छोट्या, विनातारण कर्जात घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. तुमचं निम्मं ९,२५०. तुमचा एकटा टेम्पोचा हप्ताच त्याच्या वर आहे. तुम्हाला तीस हजार देताना कंपनीच्या माणसाने टेम्पोच्या हप्त्याबद्दल विचारलं होतं का? कर्जाच्या कार्डावर घराचं उत्पन्न किती लिहिलंय ते बघा. फुगवून लिहिलेलं असेल तर तो कागद जपून ठेवा. तो तुमच्या बाजूचा आहे.

करायचं काय? चुकवायला सुरुवात करायची नाही, आणि हा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीकडून उचलायचं तर मुळीच नाही. सोलापुरात एका गल्लीत चार कंपन्यांच्या मीटिंगा भरतात, पाचवी कर्ज द्यायला तयारच असते. तिला दारातूनच परत पाठवा. पहिला प्रयत्न तुमच्या बचत गटाकडे. चौदा हप्त्यांचं उरलेलं मुद्दल साधारण एकोणीस हजार असेल, नक्की आकडा कंपनीकडून लेखी घ्या. गटात शेकडा एक रुपयाने कर्ज मिळत असेल आणि दोन वर्षांची मुदत मिळाली, तर हप्ता नऊशेच्या आसपास येतो. कंपनीचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर त्यावर दंड घेता येत नाही, हाही रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. साहेब ‘असं चालत नाही’ म्हणाले तर म्हणा, लिहून द्या. गटातून जमलं नाही तर कंपनीला अर्ज करा: उत्पन्न घटलं आहे, उरलेले हप्ते लांबवून द्या. आणि वसुलीला माणसं सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येऊ शकत नाहीत, दारात उभं राहून शिव्या देऊ शकत नाहीत. आले तर शेजारणीला हाक मारा. म्हणून म्हटलं तिच्याशी भांडू नका.

दुसरी खेप बँकेत, मालकांनी जायचं. मुद्रा कर्जाची मुदत वर्षभराने वाढवून हप्ता कमी होतो का ते विचारायचं. बँकेवर बंधन नाही, पण वेळेवर हप्ते भरणारा माणूस आधीच येऊन विचारतो तेव्हा मॅनेजर ऐकतो. दोन हप्ते थकल्यावर गेलात तर तोच मॅनेजर बोलायला मोकळा नसतो. टेम्पोचा विमा मात्र पैसे वाचवायला म्हणून चुकवू देऊ नका. तुमच्या घरातली सगळ्यांत मोठी वस्तू तीच आहे.

दोन गोष्टी झटकन. लाडक्या बहिणीबरोबर वर्षाचे तीन मोफत सिलिंडरही जातात. पण कनेक्शन उज्ज्वलाचं असेल तर त्या नावाने हक्क राहतो, गॅस एजन्सीत विचारा. उज्ज्वलाची सिलिंडरमागे तीनशेची सवलतही आहे, फक्त २०२५-२६ पासून वर्षाला बाराऐवजी नऊच सिलिंडरना. आणि रेशन. शहरात मोफत धान्यासाठी उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५९ हजार आहे, म्हणजे महिन्याला पाच हजारही नाही. तुमच्या एकट्या विड्याच ५४ हजारांवर जातात. या आकड्यात बसणारं घर सोलापुरात कुणी मला दाखवावं. पण ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने १ कोटी १७ लाख कार्डधारकांची यादी राज्यांकडे तपासायला पाठवली आणि त्यात चारचाकीवाले साडेसतरा लाख होते. तेव्हा कधीतरी तुमचंही कार्ड तपासलं जाईल हे मनात धरून ठेवा. घाबरून आजच काही करायचं नाही, फक्त घरातल्या सगळ्यांची रेशनची ई-केवायसी पूर्ण करा, म्हणजे निदान त्या कारणाने नाव जाणार नाही.

बीपीची गोळी. मी डॉक्टर नाही, पण एक दिवसाआड गोळी घेऊन काय वाचतं? महिन्याला पन्नास-साठ रुपये. आणि तुम्ही पडलात तर साडेचार हजार बंद, वर दवाखाना. पालिकेच्या दवाखान्यात ही गोळी मिळते. विड्या वळणारी बाई दिवसभर मान खाली घालून तंबाखूच्या वासात बसते, तिची छाती आणि रक्तदाब दोन्ही तपासून घ्यायला हवेत. याच आठवड्यात जा. मी पाहिलंय, घरात पैसा कमी पडला की पहिली कात्री बाईच्या औषधाला लागते, दुसरी तिच्या दुधाला, आणि हे तिला कुणी सांगत नाही, ती स्वतःच करते. मालकांना माहीत तरी आहे का की तुम्ही गोळी चुकवताय? सांगा त्यांना. आणि ‘तुझ्या दीड हजारांवर काय घर चालत होतं’ असं त्यांच्या तोंडून आलं असेल, तर वरचा ७,११० चा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

मुलीला थांबवू नका. विड्या वळायला बसलेली मुलगी वर्षाने पुन्हा कॉलेजात गेल्याचं तुम्ही तुमच्या गल्लीत किती वेळा पाहिलंय? तिच्या फीची तुम्हाला वाटते तेवढी भीती नाही. २०२४-२५ पासून राज्यात फार्मसीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मागास आणि आर्थिक दुर्बल प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत चालतं. प्रवेश व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर हे मिळत नाही, तेव्हा कुणी ‘डायरेक्ट सीट करून देतो’ म्हणालं तर हात जोडा. इथे टेम्पो आडवा येत नाही. शिवाय तुम्ही विडी कामगार आहात. केंद्राच्या श्रम खात्याची विडी कामगारांच्या मुलांसाठी शिष्यवृत्ती आहे, इयत्तेप्रमाणे वर्षाला एक हजारापासून पंचवीस हजारांपर्यंत. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचा, त्याला तुमचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. विड्यांवरचा कल्याण उपकर २०१७ मध्ये जीएसटीबरोबर गेला, तेव्हापासून ‘आता काही मिळत नाही’ असं बायका एकमेकींना सांगतात आणि अर्जच करत नाहीत. शिष्यवृत्ती चालू आहे. ओळखपत्र कपाटात कुठे आहे ते आजच शोधा, नसेल तर कारखान्यातून किंवा युनियनमधून नवीन मागा.

या सगळ्याला एक कागद सामाईक लागतो, तो म्हणजे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. लाडक्या बहिणीला केशरी कार्ड चाललं म्हणून तुम्ही तो कधी काढलाच नसेल. बाल विकास कार्यालयातल्या अर्जाला तो लागेल, मुलीच्या प्रवेशाला लागेल, शिष्यवृत्तीलाही लागेल. एक वर्षाऐवजी तीन वर्षांचा मागा. उत्पन्न खरं लिहा: टेम्पोचं खर्च वजा जाता आणि विड्यांचं. ते अडीच लाखांच्या आतच येतं. आणि बारावीचा निकाल लागायच्या आत काढा, निकाल लागल्यावर सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते.